गाडी बदललीस, हिशेब कुठे आहे?

आधी ऐकून घे, मग बोल. फोनवर तू मला पुन्हा पुन्हा एकच सांगत होतास, "सर, ड्रायव्हरनं गाडी रुतवली." ड्रायव्हरनं नाही रुतवली. तू रुतवलीस. बेंगळुरूच्या पीण्यात, सेकंड स्टेजमधल्या तुझ्या केबिनमध्ये बसून, चेकवर सही केलीस ना, त्याच दिवशी ती रुतली. सकलेशपूरपलीकडचा चिखल दरवर्षी असतो, पुढच्या जूनमध्येही असणार आहे. त्या चिखलाला कुठली गाडी पाठवायची, हे ठरवणं तुझं काम होतं.

आणि मी चिडलोय तो गाडीच्या पैशांसाठी नाही. तुझे पैसे, तुझी गाडी. मी चिडलोय कारण ज्या माणसानं शोरूममध्ये तुझ्याशेजारी उभं राहून "नको सार, लो गिअर कुठाय यात?" असं विचारलं, त्याच माणसाला तू चार लोकांदेखत बोललास. सतरा वर्षं तुझी जिप्सी त्यानं चालवली. घाटातलं प्रत्येक वळण त्याच्या हातात आहे. त्याचा प्रश्न तुला अडाणीपणाचा वाटला. सेल्समननं एक गोल नॉब फिरवून दाखवला, त्यावर चिखलाचं चित्र होतं, आणि तुझं समाधान झालं. तू डिप्लोमाला माझ्या हाताखाली घर्षण शिकलायस. चित्रानं घर्षण वाढतं, असं मी कधी शिकवलं होतं?

तुझं काम काय आहे, ते तूच विसरलास म्हणून सांगतो. तू घाटातल्या छोट्या जलविद्युत केंद्रांचे शाफ्ट आणि गनमेटल बुश करून देतोस. ही केंद्रं चालतात पावसाळ्यात. बिघडतात पावसाळ्यात. नदीला पाणी असताना टर्बाइन बंद पडलं की ते पाणी तसंच वाहून जातं, ते साठवून नंतर वापरता येत नाही, कारण मागे मोठं धरणच नसतं. म्हणून ते लोक रात्री अकराला तुला फोन करतात आणि म्हणूनच चांगला भाव देतात. म्हणजे तुझ्या धंद्यातला सगळ्यात मोलाचा फेरा हा वर्षातल्या सगळ्यात वाईट रस्त्यावरून, सगळ्यात वाईट महिन्यांत असतो. नेलमंगला, कुणिगल, हासन, सकलेशपूर, इथपर्यंत कुठलीही गाडी जाते. तुझं गिऱ्हाईक त्याच्या पुढच्या कच्च्या उतारावर बसलंय.

पीण्यात तुला फोर बाय फोर कधीच लागली नाही. आपल्या क्रॉसच्या रस्त्यांवर खड्डे आहेत, पाऊस झाला की गुडघाभर पाणी साचतं, हे मान्य. पण तिथून छोटा टेम्पोही कास्टिंग भरून रोज जातो, आणि कामगार मेट्रोनं पीण्या इंडस्ट्रीला उतरून चालत येतात. तेव्हा "रोजच्या वापराला नवी गाडी बरी" हे कारण मला सांगू नकोस. रोजच्या वापरासाठी तू जिप्सी ठेवलीच नव्हतीस.

आता फळ्यावर मांडतो, वहीत उतरवून घे. शंभर मिलिमीटर व्यासाचा दीड मीटर शाफ्ट. वजन किती? मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे मीटरमागचं किलोतलं वजन. पीण्यातला कुठलाही पोलादाचा दुकानदार हे तोंडी करतो. दहा हजार भागिले १६२, साधारण ६१.७. दीड मीटरला ९३ किलो धर. बुश आणि हाउसिंग ४०. चेन ब्लॉक, जॅक, पान्यांची पेटी मिळून ८०. तीन माणसं, २१०. बेरीज ४२३. यातलं माणसांखेरीजचं सगळं वजन मागच्या भागात, म्हणजे मागच्या चाकांवर.

आता चढ घे. चारास एक. एवढा चढ त्या कच्च्या वाटांवर सहज भेटतो. गाडी वर सरकायला तिच्या एकूण वजनाच्या जवळजवळ पाव भाग एवढी ओढ लागते. ओल्या मातीवर टायरची पकड चाकावरच्या भाराच्या चाळीस टक्के मिळाली तरी नशीब म्हणायचं. चारही चाकं ओढत असतील तर सगळं वजन कामाला येतं, म्हणजे वजनाच्या सुमारे ३९ टक्के ओढ हाताशी असते. लागते २४ टक्के. गाडी चढते, वर थोडी शिल्लकही राहते. तुझ्या नव्या गाडीची फक्त पुढची चाकं ओढतात. चढावर भार मागं सरकतो, त्यात तुझा शाफ्ट मागं ठेवलेला, म्हणजे पुढच्या चाकांवर निम्म्याहून कमी वजन. ४५ टक्के धर. ओढ उरते साडेसतरा टक्के. लागते २४. झालं गणित. आता सांग, यात ड्रायव्हर कुठे आला?

तो नॉब काय करतो, हेही तू विचारलं नाहीस. एक चाक मोकळं फिरायला लागलं की तो त्या चाकाला ब्रेक लावतो आणि ओढ दुसऱ्या बाजूला पाठवतो. ॲक्सिलरेटरला इंजिन किती चटकन उत्तर देईल, तेही बदलतो. चांगली सोय आहे ती, ओल्या डांबरावर किंवा वाळू पसरलेल्या वळणावर उपयोगाची आहे. पण दोन चाकांची मिळून जेवढी पकड आहे, त्यापलीकडे तो एक तोळाही देऊ शकत नाही. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच त्या गाडीत नाही. प्रोपेलर शाफ्ट नसलेली गाडी, आणि शाफ्ट करणाऱ्या माणसानं ती खाली वाकून न बघता घेतली! याचा मला खरोखर राग आलाय.

जिप्सीत काय होतं, ते तुला हातानं माहीत आहे. पुढच्या चाकाच्या मधोमध ती हबची चकती. चढाच्या पायथ्याशी ड्रायव्हर खाली उतरायचा, बोटांनी चिखल पुसायचा आणि चकती 'फ्री'वरून 'लॉक'वर फिरवायचा, आधी डावं चाक, मग उजवं. मग आत बसून छोटा दांडा मागे ओढायचा. ट्रान्सफर केस लो रेंजला गेली की गाडी माणसाच्या चालीनं वर जायची, क्लच जाळावा लागायचा नाही. उतरतानाही तेच. पहिला गिअर, लो रेंज, ब्रेकवर पाय न ठेवता इंजिनच गाडी धरून ठेवायचं. ओल्या उतारावर शंभर किलोचं लोखंड पाठीशी असताना ब्रेक दाबला आणि चाकं घसरली, तर पुढे काय होतं हे मी तुला सांगायला नको. ते काम करणारा दांडा तू विकून टाकलास, आणि त्याच्या जागी काय आणलंस, हे बघितलं नाहीस.

जुन्याला कवटाळून बस, असं मी म्हणत नाही. ती पळवाट मी तुला देणार नाही. बेळगावच्या बाजूचा मुलगा तू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नवी वस्तू आणणाऱ्याची बाजू मी आयुष्यभर वर्गात मांडत आलोय. पण नांगर विकायचा तर आधी जमीन पाहावी लागते, बैल पाहावे लागतात, आपली ओतीव वस्तू कुठे तुटते ते पाहावं लागतं. तू काय पाहिलंस? सनरूफ.

तुला हे जमत नाही असंही नाही, म्हणून तर जास्त लागतं. तुझ्या शॉपमध्ये कोपऱ्यात तो हरिहरचा जुना लेथ आहे, म्हैसूर किर्लोस्करचा. त्याच्या जागी सीएनसी आणायचा ठरला तेव्हा तू काय केलंस आठव. जुन्याच्या स्पिंडलला डायल गेज लावून रन-आउट बघितलास. कुठला जॉब किती वेळात होतो ते लिहिलंस. आपलेच तुकडे घेऊन तीन ठिकाणी जाऊन कापून बघितलेस, मग ऑर्डर दिलीस. आणि जुना लेथ फेकला नाहीस, लांब शाफ्टच्या रफ कटिंगला ठेवलास. तो निर्णय मी दुसऱ्या मुलांना उदाहरण म्हणून सांगत आलोय. डिसेंबर २०२१ला तारा गंजल्या म्हणून तुमकूर रोडवरचा उड्डाणपूल बंद झाला, तेव्हाही सगळं पीण्या खालच्या रस्त्यावर अडकलेलं असताना तू ट्रकच्या वेळा बदलून माल वेळेत काढलास. तेव्हा डोकं होतं. गाडीच्या वेळी ते कुठे ठेवलं होतंस?

तुझी कारणंही मी ऐकली. "पंधरा वर्षं झाली, बंदी येणार." कुठे येणार? दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरचा तो निर्बंध दिल्ली आणि राजधानी परिसरासाठी निघाला. २०१५ला हरित लवादानं काढला, २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं कायम केला. बेंगळुरूत पंधरा वर्षांनी खाजगी गाडीची फिटनेस तपासणी होते आणि नोंदणी पाच वर्षांसाठी पुढे मिळते. १ एप्रिल २०२२पासून त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली, ती तू भरलीस, आणि पुढच्या पाच वर्षांची आरसी तुझ्याच खणात पडलेली होती. स्वतःच्या खणातला कागद न वाचता कुणाच्या तरी बोलण्यावर गाडी विकायची, ही कुठली रीत? "पार्ट मिळत नाहीत," म्हणालास. जे.सी. रोडला शेवटचा कधी गेला होतास? सैन्याकडे हजारोंनी होत्या त्या गाड्या. तिचे पार्ट शोधायला एक सकाळ जाते, एवढंच.

खरं कारण तू शेवटी हळूच सांगितलंस. परदेशी कंपनीची माणसं ऑडिटला येतात, दारात जिप्सी बरी दिसत नाही. हे ऐकून मला वाईट वाटलं. ती माणसं तुझ्या इन्स्पेक्शन रूममध्ये जातात, सरफेस प्लेट बघतात, गेजच्या कॅलिब्रेशनच्या तारखा बघतात. त्यांना विमानतळावरून आणायचं तर भाड्याची गाडी मागव. ऑडिटरला दाखवायला घेतलेली गाडी तू तीन माणसांना देऊन रात्री घाटात पाठवलीस. कुणासाठी काय घेतलं आणि कुणावर लादलं, याचा विचार कर.

आणि गंमत नाही, दुःख हे आहे की जिप्सी बदलायला दोन खरी कारणं होती. ती तू एकदाही बोलला नाहीस.

पहिलं, माणसांचा जीव. तुझ्या जिप्सीला एअरबॅग नव्हत्या, एबीएस नव्हतं. एप्रिल २०१९पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, त्याच सुमाराला सामान्य ग्राहकाला नवी जिप्सी मिळणं थांबलं, ते उगाच नाही. हासनच्या महामार्गावर पहाटे तीनला ट्रकच्या रांगेत तीन माणसं त्या पातळ पत्र्यात बसलेली, ही काळजी तू करायला हवी होतीस. मालक म्हणून पहिली तीच.

दुसरं, भार. वर मांडलेली बेरीज पुन्हा बघ. ४२३ किलो. जिप्सी पाचशे किलोच्या वर्गातली गाडी. तू तिला काठावर चालवत होतास, आणि तुझे जॉब वाढत चाललेत. एक मोठा शाफ्ट आला असता तर ती कमीच पडली असती.

हाच धागा धरून सैन्यानं काय केलं ते बघ. जिप्सीवर त्यांच्याइतकी माया कुणी केली असेल? जबलपूरला तयार होणाऱ्या जोंगाच्या काळापासून त्यांना गाड्यांची पारख. तरी त्यांनी जिप्सीला पर्याय शोधला. पण शोरूमपासून सुरुवात केली नाही. आधी कागदावर लिहिलं: आठशे किलो भार, पक्कं छत, एअर कंडिशनर. मग सफारी स्टॉर्म आणि स्कॉर्पिओ वेगवेगळ्या प्रदेशांत वर्षानुवर्षं पळवून पाहिल्या. दोन्ही कसोटीला उतरल्या, मग किंमत बघितली, आणि २०१७ला ३,१९२ स्टॉर्मचा करार केला. चारही चाकांची ओढ सोडली नाही, लो रेंज सोडली नाही. भाराचा वर्ग बदलला म्हणून गाडी बदलली. एवढ्या मोठ्या यंत्रणेला जो क्रम पाळावासा वाटला, तो सात मशिनच्या मालकाला जड वाटला का?

आता पुढचं. ही नवी गाडी वाईट नाही, म्हणून तिच्या नावानं मी बोटं मोडणार नाही. घरच्यांना घेऊन म्हैसूरला जा तिच्यातून. घाटाच्या कामाला दुसरी बघ, आणि बघताना पुन्हा फसू नकोस. जिम्नी जिप्सीची वारसदार म्हणून तुझा जीव तिच्यावर जाईल. शिडीसारखी चासी आहे, ट्रान्सफर केसचा दांडा आहे, सहा एअरबॅग आहेत, जमिनीपासून उंची २१० मिलिमीटर. पण चारच माणसं आणि मागं २०८ लिटरची जागा. मागची सीट पाडलीस तर तिसरा माणूस कुठे बसणार? थारला उंची २२६ मिलिमीटर, साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जाते. ओढे ओलांडायचे असतील तर विचार कर, मात्र तीन दारांच्या थारमध्ये दीड मीटर लोखंड कसं शिरणार ते टेप घेऊन मोजून बघ. आपल्या पुण्याच्या फोर्सची गुरखा आहे. तिची पुढची आणि मागची दोन्ही डिफरन्शियल लॉक होतात, म्हणजे एक चाक हवेत लटकलं तरी जोडीचं ओढत राहतं. चिखलात त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. माझं मत विचारशील तर तुझं काम आता पिकअपचं झालंय. माणसं पुढे बंद केबिनमध्ये, लोखंड मागे हौद्यात, बांधून. अपघातात शाफ्ट पुढे सरकला तर मध्ये भिंत हवी. बोलेरो कॅम्पर फोर बाय फोरमध्ये येते. इथे बिडदीला तयार होणारी हायलक्सही आहे, पण तिची किंमत तुझ्या आवाक्यात आहे का, ते तुझ्या हिशेबनीसाला विचार, मला नको. आणि कॅम्परमध्ये एअरबॅग किती, एबीएस आहे का, हे तोंडी ऐकू नकोस, छापील कागदावर बघ. जिप्सी ज्या कारणासाठी जायला हवी होती, तेच कारण नव्या गाडीत पुन्हा घरात आणू नकोस.

एक गोष्ट ड्रायव्हरला आणि तुला दोघांनाही पाठ हवी. अशा दांड्याच्या फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा ॲक्सल घट्ट जोडला जातो, मध्ये डिफरन्शियल नसतं. कोरड्या डांबरावर ती जोडून वळणं घेतलीस तर ट्रान्सफर केस आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर ताण साठत जातो. तुझ्या ड्रायव्हरला हे माहीत आहे, तो डांबर लागलं की उतरून हब मोकळे करायचा. तुझा धाकटा भाऊ रविवारी चालवायला घेतो, त्याला सांगून ठेव.

उद्या शॉप उघडलं की आधी ड्रायव्हरला केबिनमध्ये बोलाव. बस म्हण. ज्यांच्यासमोर ओरडलास त्या सगळ्यांना थांबव, आणि चूक माझी होती हे त्यांच्यासमोर सांग. कन्नडमध्ये सांग, त्याला नीट कळेल असं. त्याच्याबरोबर जो फिटर त्या रात्री बुश खांद्यावर घेऊन पावसात वर चढून गेला, त्यालाही. टर्बाइन दुसऱ्या दिवशी फिरलं ते त्या दोघांमुळे.

मग त्या दोघांना घेऊन एक कागद लिही. सगळ्यात जड जॉब, वजन. सगळ्यात लांब जॉब, लांबी. माणसं किती. सगळ्यात वाईट चढ कुठला, तो किती. ओढा किती खोल. चढ अंदाजानं लिहू नकोस. फिटरकडे स्पिरिट लेव्हल आहे, सरळ फळी आहे, पुढच्या फेरीला मोजून आणायला सांग. टेस्ट ड्राइव्हला जाताना शाफ्ट गाडीत टाकूनच जा. शोरूमवाला नको म्हणाला तर दुसरं शोरूम बघ. चाकाशी ड्रायव्हर बसेल, तू मागे बसशील. तो कागद गुरुवारपर्यंत मला पाठव. हातानं लिहिलेला चालेल, पण प्रत्येक आकड्यापुढे तो कुणी मोजला, त्याचं नाव हवं.